भगवंतरावांची रेंज

बाबांच्या मनगटावर पट्टा बसवून दोन तास झाले नव्हते, तेवढ्यात इचोड्याच्या बस स्टँडवर बातमी पोचली, की भगवंतराव जामिनावर सुटून आले.

मला ही बातमी गल्लीतल्या माझ्याच दुकानात कळली. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स काढायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं पैसे देताना आवाज खाली घेतला आणि विचारलं, "कोन्या केसमंदी?" मी म्हटलं, कोण? तर म्हणाला, आमच्यापासून काय लपवता यशवंतराव, हातातला पट्टा टीव्हीत आम्हीपण पाहिला आहे. संध्याकाळपर्यंत बाबांवर तीन केसेस झाल्या होत्या, त्यातली एक नागपूरच्या बँकेची. ज्या माणसानं एकोणऐंशी वर्षांत दुसऱ्याच्या मळ्यातली काकडी न विचारता तोडली नाही, त्याची ही अब्रू. भजनी मंडळातल्या एका बाईनं तर माझ्या बायकोला, रेणुकाला, धीर दिला, की होतं माणसाच्या हातून, मनाला लावून घेऊ नका.

खरी गोष्ट सांगतो. आमचं गाव गुडीहत्नूर आणि इचोड्याच्या मधे, हायवेला चिकटून आहे. हायवे म्हणजे हैदराबाद-नागपूर, चार पदरी. रात्रंदिवस ट्रक. आणि बाबा गेल्या वर्षापासून विसरतात. चष्मा विसरणं, जेवलो की नाही हे विसरणं, इथवर मी सहन केलं. पण श्रावणात एक दिवस ते घरातून निघाले आणि हायवेच्या मधल्या दुभाजकावर जाऊन बसले. दोन्ही बाजूंनी ट्रक चालले आहेत आणि हे कण्हेरीच्या झुडपांतलं गवत उपटून राहिलेत, कारण भाजीच्या मळ्यात चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पानठेल्यावाल्यानं हात धरून आणून सोडलं. त्या दिवसापासून ट्रकचा हॉर्न वाजला की मी उठून फाटकाकडं पाहतो, आणि आमच्या गावात ट्रकचा हॉर्न दर अर्ध्या मिनिटाला वाजतो.

हैदराबादेत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानं, अमरनं, मग हे यंत्र पाठवलं. एक पट्टा आणि तीन डबे. पट्टा हातात बसवायचा, तो चावीशिवाय निघत नाही. कापला, ओढला, कातडीपासून सुटला, तर लगेच डब्याला कळतं आणि डबा बोंबलतो. माणूस ठरलेल्या अंतराबाहेर गेला तरी डबा बोंबलतो. मोठा डबा बैठकीत, एक छोटा मागच्या अंगणात, एक फाटकाजवळ. मोठ्या डब्यावर पाच हिरव्या लाइटी. पाच लागल्या म्हणजे बाबा जवळ, एक लागली म्हणजे लांब, आणि एकही नाही म्हणजे माझं काय होईल ते मी सांगत नाही. अमर मला फोनवर म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे." ते काम मी अठरा दिवस केलं.

डब्याच्या मागे फिरवायच्या दोन खुंट्या होत्या. पहिली नाजूकपणाची, म्हणजे पट्ट्याला किती धक्का लागला की बोंब मारायची. मी म्हटलं, धोका कशाला घ्या, आणि पूर्ण फिरवून ठेवली. दुपारी जेवायला बसलो. बाबांना जेवताना कांदा लागतो आणि तो ते सुरीनं कापू देत नाहीत, बुक्कीनं फोडतात. त्यांनी बुक्की मारली आणि डब्यानं असा भोंगा काढला, की रेणुकाच्या हातातलं वरणाचं भांडं माझ्या मांडीवर. बाबा शांत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मिलची पाळी सुटली असेल असं म्हणाले आणि दुसरा कांदा घेतला.

कंपनीच्या नंबरावर फोन लावला. तिकडचा पोरगा हिंदीत फार आदरानं बोलला. म्हणाला, सर, पेशंट को प्याज मत फोड़ने दीजिए. मी त्याला सांगितलं की माझे वडील पेशंट नाहीत, आणि कांद्याच्या बाबतीत त्यांना आजवर कुणी काही सांगू शकलेलं नाही. मग खुंटी थोडी मागे घेतली. तर भजनात टाळी वाजवली की भोंगा. अजून मागे घेतली. तर बाबा पट्ट्यात बोटं घालून तो अर्धा उचलून खाजवून राहिलेत आणि डबा मुका. शेवटी मी घड्याळजीसारखा डोळा लावून बसलो आणि कांदा चालेल पण खाजवणं चालणार नाही अशी एक जागा त्या खुंटीवर शोधून काढली. तिथं रेणुकाच्या नेलपॉलिशची खूण केली. मला वाटलं, आता जिंकलो.

दुसरी खुंटी अंतराची. ती कमी ठेवली तर बाबा मागच्या संडासात गेले की भोंगा, आणि माणूस आत बसलेला असताना बाहेर गल्ली जमा होणं हे कोणत्याही वयात वाईट. जास्त ठेवली तर हायवेच्या पलीकडं जाईपर्यंत डबा पाच लाइटी दाखवत बसेल. म्हणून कागदात लिहिल्याप्रमाणे पट्टेवाल्या माणसाला घराभोवती फिरवायचं, आतून कुणीतरी लाइटी मोजायच्या, आणि जिथं हद्द ठेवायची तिथं खुंटी थांबवायची. मी बाबांचा हात धरून भिंतीभिंतीनं निघालो. रेणुका खिडकीतून ओरडे, "चार! चार! तीन!" मी तिथं चुन्यानं फुली मारे.

बाबांना हे एकदम आवडलं. त्यांना वाटलं, मोजणी चालू आहे. ते म्हणाले, "हद्द इथून नाई बाप्पा. थ्या निंबापासून हाये." आणि त्यांनी शेजारच्या चंपतरावांच्या कंपाउंडच्या आत दोन हात बोट दाखवलं. लोखंडी कपाटाच्या मागे सिग्नल मरत होता, म्हणून मी त्या भिंतीपाशी पाच वेळा गेलो आणि आलो. पाचही वेळा बाबांनी निंबाकडं बोट दाखवलं, खणखणीत आवाजात, आणि पाचही वेळा रेणुकानं आतून आकडा सांगितला. चंपतराव गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ते खाली आले नाहीत, पण कपडे वाळत घालायचे थांबले.

चंपतराव हे वीज खात्यातले रिटायर लाइनमन. पंचवीस वर्षं खांबावर चढल्यामुळं त्यांची एकूणच नजर वरून खाली असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावात सांगितलं, की यशवंतरावांनी हैदराबादहून जमीन मोजायचं वायरलेस यंत्र आणलं आहे आणि बापाला साक्षीला घेऊन माझी दोन हात जागा दाबून राहिले आहेत. जामिनाचं प्रकरण त्यामुळं मागे पडलं, एवढाच फायदा.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात घंटेची भानगड सुरू झाली. चंपतरावांनी दाराला आरती वाजवणारी बिनवायरची घंटा बसवली होती. दूधवाल्यानं ती दाबली की आमचा डबा बोंबलायचा, आणि बाबांनी कांदा फोडला, टाळी वाजवली की आमचा डबा गप्प राहायचा, पण चंपतरावांच्या घरात आरती वाजायची. हे असं आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी आपला भोंगा वाजला की चहा, गिऱ्हाईक, चप्पल, जे असेल ते टाकून दुकानातून घराकडं पळायचो. बाबा जिथल्या तिथं बसलेले असायचे. एकदा तर मी एका मास्तरणीची सर्टिफिकिटं यंत्रात अर्धवट सोडून पळालो आणि तिच्या बीएडच्या निकालावर काळा पट्टा आला. तिकडं चंपतराव दिवसातून अकरा वेळा दार उघडायचे आणि बाहेर कुणी नसायचं. त्यांना खात्री पटली, की त्यांना घर सोडायला लावण्याचा हा आमचा डाव आहे. त्यांनी महसूल कचेरीत दरखास्त दिली.

चौकशीला त्या कचेरीतले गिरदावर साहेब आले. त्यांनी डबा हातात घेतला, उलटा केला आणि तेलुगूत विचारलं, इदेमिटी, म्हणजे हे काय? मी सगळं सांगितलं. वडील विसरतात, हरवतात, म्हणून हे. ते म्हणाले, आता हरवले आहेत का? मी म्हटलं, नाही, हे काय बसले आहेत. ते म्हणाले, मग हरवल्याची मिसल, म्हणजे फाइल, होत नाही. जमीन मोजली का? मी म्हटलं, नाही. मग जमिनीचीही मिसल होत नाही. पण दरखास्त आली आहे, तेव्हा पंचनामा तर झाला पाहिजे. वॉरंटीचं कार्ड त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं आणि त्याची झेरॉक्स मागितली. मग ते चंपतरावांचं म्हणणं ऐकायला शेजारी गेले आणि दारावरची घंटा दाबली.

आमचा डबा बोंबलला. मी आतून पळत बाहेर, माझ्यामागे रेणुका, चंपतराव दार उघडून उभे, गल्ली गोळा. गिरदावर साहेबांनी घाबरून पुन्हा घंटेवर हात ठेवला आणि डबा पुन्हा बोंबलला. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम दाबली. चंपतरावांना सगळ्यांच्या आधी समजलं, कारण अखेर लाइनमन होते. ते आत गेले, टेस्टर आणि नाकावरचा चष्मा घेऊन आले आणि आमच्या बैठकीत जमिनीवर मांडी घालून बसले. डब्याच्या पोटात तांदळाएवढे आठ खटके होते. त्यांनी दोन वर केले, एक खाली केला, तिन्ही डब्यांत तसंच, मग पट्ट्याची चावी फिरवून त्याचीही नव्या सिग्नलशी ओळख करून दिली. घंटा वाजवली. डबा गप्प. बाबांना कांदा दिला. आरती गप्प. एवढं करून उठताना त्यांनी अट घातली, की निंबाची जागा त्यांचीच आहे असं मी लिहून द्यावं. मी माझ्याच दुकानात टाइप केलं, माझ्याच यंत्रावर तीन प्रती काढल्या आणि सही केली.

त्यानंतरचे नऊ दिवस मला सुखाचे म्हणायला हरकत नव्हती, पण मी ते सुखानं काढले असं नाही. मी डब्याकडं पाहात बसायचो. चार लाइटींच्या तीन झाल्या की उठायचो. बाबा चुलीपाशी गेले, तीन. देवळीपाशी आले, पाच. रेणुका एकदा म्हणाली, "अवो, त्याइच्याकडं पाहा ना जरा. डब्याकडं काय पाहून राह्यले?" मी म्हटलं, डब्याकडं पाहणं म्हणजे त्यांच्याकडंच पाहणं आहे. बाबा समोरच खाटेवर बसून आमच्याकडं बघत होते.

मग दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याच्या सकाळी पोटापाण्याच्या वस्तूंची पूजा असते. कात्री, तराजू, स्कूटर, झेरॉक्स मशीन, सगळं धुऊनपुसून हळदीकुंकू, झेंडू, आणि त्या दिवशी यंत्राला सुट्टी. बंद करून ठेवायचं आणि संध्याकाळी शिलंगण होऊन, म्हणजे शिवेबाहेर जाऊन आपट्याची पानं घेऊन येईपर्यंत, पूजेला हात लावायचा नाही. रेणुकानं चौरंग मांडला आणि विचारलं, डब्याचं काय? खरं सांगायचं तर त्या दिवशी सोनं द्यायला पन्नास माणसं घरी येणार होती आणि त्यांच्यादेखत तो भोंगा वाजू नये असं मला वाटत होतं. मी म्हटलं, त्यानं एवढे दिवस राखण केली, त्यालाही आराम पाहिजे. मी स्वतःच्या हातानं तिन्ही डब्यांचे खटके पाडले आणि पाचही लाइटींच्या वर कुंकवाची बोटं ओढली.

बाबांनी सकाळपासून तीनदा विचारलं, शिलंगणाला कधी निघायचं. आमच्या शिवेवरचा मारुती आणि आपट्याची झाडं हायवेच्या पलीकडं आहेत. दुभाजकानंतर मी त्यांना तिकडं नेणार नव्हतो, हे मी मनात केव्हाच ठरवलेलं होतं. तिन्ही वेळा मी म्हटलं, निघू, निघू. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मला बरं वाटलं.

साडेचारला रेणुका चहा घेऊन खाटेपाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. खाट रिकामी होती. संडास पाहिला, मागचं अंगण पाहिलं, चंपतरावांचं कंपाउंड पाहिलं, निंबाखाली पाहिलं. फाटक उघडं होतं. बाहेर हॉर्न वाजत होते आणि प्रत्येक हॉर्नागणिक मला कण्हेरीची झुडपं दिसत होती. मी चौरंगाकडं धावलो. रेणुका सवयीनं म्हणाली, पूजा हलवू नका. मग तीच पुढं झाली आणि झेंडूची माळ ओरबाडून काढली. डबा चालू केला. एकही लाइट लागली नाही. कुंकू पुसलं, तरी लागली नाही.

चंपतराव न बोलावता आले. त्यांनी डब्याची वायर पाहिली आणि म्हणाले, "स्कूटर काढा." सीट उचलून त्यांनी बॅटरीला दोन वायरी जोडल्या, अंतराची खुंटी पार शेवटपर्यंत फिरवली आणि डबा छातीशी धरून माझ्या मागे बसले. पूजेच्या स्कूटरवर, हँडलला झेंडू, मागे कुंकू लावलेला डबा घेतलेला रिटायर लाइनमन, असे आम्ही गावातून गेलो. काही उतावळे लोक बाजारातून आणलेलं सोनं आत्ताच घ्या म्हणून हात पुढे करत होते. मी एकाचंही घेतलं नाही. मी मनात मारुतीला म्हणत होतो, ते तेवढे सापडू देत, मग पट्टा काढून टाकतो, डबे काढून टाकतो. लगेच वाटायचं, नको, आणखी दोन डबे घेतो.

दुभाजकावर ते नव्हते. मी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग रस्त्यावरही पाहिलं, जे पाहायचं नव्हतं ते. तिथंही काही नव्हतं. इचोड्याच्या बाजूला अर्धा किलोमीटर गेलो, लाइट नाही. उलटे फिरलो. पेट्रोल पंपापाशी चंपतराव म्हणाले, "एक." मी ब्रेक लावला. "चला, चला. दोन." हायवे ओलांडून पलीकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो. "तीन." स्कूटर खड्ड्यांतून उडत होती आणि मागून चंपतराव आकडे ओरडत होते. "चार, यशवंतराव. चार हायेत." मारुतीच्या पाराशी त्यांनी पाच म्हटलं, पण ते मला सांगायची गरज नव्हती.

बाबा आपट्याच्या झाडाखाली बसले होते. गावचे लोक अजून निघायचे होते, पारावर दुसरं कुणी नव्हतं. दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, पसरून त्यांनी पानांच्या जुड्या केल्या होत्या आणि एकेका जुडीला हात लावून नाव घेत होते. सुनेची. अमरची. चंपतरावांची. मी समोर जाऊन उभा राहिलो. ओरडायचं म्हणून तोंड उघडलं. मग एवढंच विचारलं, की हायवे कसा ओलांडला.

"वरून काऊन जाऊ?" बाबा म्हणाले. "वरून गाड्या रायतात. खाली मोरी हाये ना, ढोरं जातात थे."

हायवेखालून ढोरांसाठी मोरी काढलेली आहे हे मला ठाऊक होतं. हायवे झाल्यापासून मी तिच्यात कधी उतरलो नव्हतो. चंपतराव डबा घेऊन स्कूटरपाशीच थांबले होते. बाबांनी मला खालून वर पाहिलं आणि जागा करून दिली, जशी पाहुण्याला देतात तशी.

"कोन गावचे तुमी?"

मी म्हटलं, इथलाच.

"मंग एक काम करा." त्यांनी सगळ्यात मोठी जुडी उचलून माझ्या हातात दिली. "हे आमच्या यशवंताले देजा. लय दिवस झाले, थो भेटलाच नाई. घरी एक मानूस रायते, दिवसभर डबे पाहात बसते. चांगला मानूस हाये थो, मले जेवाले देते. पन यशवंता येत नाई."

मी ती पानं दोन्ही हातांत घेतली. देतो म्हटलं.

चंपतरावांनी स्कूटर वरून न्यावी असं मी हातानंच खुणावलं. डबा त्यांनी बंद केला. बाबांनी दस्तीची गाठ मारली, उठले, आणि मी रडतो आहे हे पाहून त्यांनी माझं मनगट धरलं. मोरीत अंधार होता, शेणाचा वास होता आणि डोक्यावरून ट्रक जात होते, त्यांची धडधड भिंतीतून अंगात येत होती. मी थांबलो. बाबा थांबले नाहीत. मला वाकून चालायला सांगत, डोकं लागतं म्हणून, ते पुढं चालत राहिले.

"भेऊ नका, पाव्हणे," ते म्हणाले. "मी हावो ना."